सुगीची पहिली पाटी

बिराप्पाला घंटा वाजवायचं काम मिळालं ते कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, सगळ्यांच्या भित्रेपणानं. सत्तावन्न साली सांगलीच्या एका पेठेतल्या वाचनालयानं व्याख्यानमाला सुरू केली आणि पहिल्याच वक्त्यानं दोन तास पंचवीस मिनिटं घेतली. माणसं पेंगली, एक वकीलसाहेब तर झोपेत खुर्चीवरून कलंडले. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी बसली आणि ठराव झाला, की वक्ता कितीही मोठा असो, पंचावन्न मिनिटांनी घंटा होणार. ठराव करायला काय जातं? पुण्याहून आलेला विद्वान रंगात आलेला असताना त्याच्या तोंडावर घंटा ठोकायची कुणी? एकाचाही हात पुढं येईना. मग सगळ्यांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडं गेलं. शिपायानं वाजवली तर राग धरून धरणार कुणावर!

हा शिपाई म्हणजे बिराप्पा. जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दिवाळी झाली की त्याच्या माणसांचा सगळा वाडा मावळतीला निघायचा. वाडा म्हणजे दगडी चिरेबंदी नव्हे हो, मेंढरं, घोडी, कुत्री, बायापोरं मिळून चालतं बिऱ्हाड. तासगाव, कऱ्हाड, कृष्णाकाठची रानं करत ते उन्हाळाभर फिरायचं आणि मिरगाच्या तोंडाला माघारी यायचं. बिराप्पा दहा वर्षांचा असताना ओढ्याच्या दरडीवरून पडला आणि त्याचा डावा गुडघा कायमचा वाकडा झाला. मेंढक्याच्या घरात चालता न येणारं पोर कुणाच्या काय कामाचं? त्याला रंगुबाई चुलतीजवळ गावातच ठेवलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तो शाळेत बसला आणि सातवी पास झाला. घरात पहिला शिकलेला तोच, पण त्याचं कौतुक करायला घरात होतं कोण? माणसं परत यायची तेव्हा त्यांच्या बोलण्यात अशी गावं, असे ओढे, अशी भांडणं असायची की जी यानं कधी बघितलीच नव्हती. हा आपल्याच भावाशेजारी पाहुण्यासारखा बसून ऐकायचा.

सांगलीत आला तो एका मास्तरांच्या चिठ्ठीवर. जिन्याखालची खोली मिळाली, एक स्टोव्ह मिळाला. पुस्तकं लावायची, पाठीवर कागद चिकटवून नंबर घालायचे, झाडलोट करायची. अक्षर मात्र मोत्यासारखं. चार हजार पुस्तकांच्या पाठीवर त्याचंच अक्षर होतं आणि हे कुणाच्या ध्यानात यायचंही कारण नव्हतं. लग्नाचं एकदा बघितलं होतं, पण मुलीकडच्यांना चालणारा नवरा हवा होता. पुढं कुणी बघितलं नाही, यानंही काढलं नाही. गावाकडची माणसं म्हणायची, बिराप्पा आता शेरातला झाला. शहरातली माणसं म्हणायची, बिराप्पा आमचा धनगर आहे बरं का, पण फार इमानी. तो "पण" कशासाठी, ते त्या माणसांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

आणि तरी सांगतो, व्याख्यानं ऐकावीत तर त्यानं. सात दिवसांची माला, एकोणीस वर्षं. घंटा वाजवायची म्हणजे कान टवकारून उभं राहणं आलं, कारण घड्याळ बघायचं आणि वक्त्याचं वाक्य संपायचीही वाट बघायची. वाक्याच्या मधे त्यानं कधी घंटा दिली नाही. वाक्य कुठं संपणार हे कळायला आधी ते समजावं लागतं, ही गोष्ट कार्यकारिणीच्या डोक्यात आली नाही म्हणा. सांगलीतल्या नामांकित माणसांनी पाचपन्नास व्याख्यानं ऐकली असतील. यानं सव्वाशेच्या वर ऐकली, तीही उभ्यानं, वाकड्या पायावर. पण ऐकलेलं बोलायचं कुणाशी? स्टोव्हशी?

पासष्ट साली हंबीरराव सर आले आणि बोलायला माणूस मिळाला. सर कऱ्हाडच्या बाजूचे. घरचा पंधरा एकर ऊस, भाऊ मिलिटरीत, आणि हे एकटे पुस्तकांच्या नादाला लागून विश्रामबागेतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आलेले. गुरुवारी वाचनालयाला सुट्टी असायची. सरांनी अध्यक्षांकडून परवानगी काढली आणि दर गुरुवारी दुपारी ते रिकाम्या वाचनालयात येऊन बसायला लागले. तीन वाजता बिराप्पा दोन कप चहा करायचा. चहा पिताना सरांना बोलायची सवय होती. समोर कोण आहे याचा ते फार विचार करत नसत, आणि बिराप्पाला तेच बरं वाटायचं, कारण त्यामुळं ते त्याच्याशी सोपं करून बोलत नसत.

सरांचा एकच विषय. नवं युग म्हणतात ते आलं कुठून? गोऱ्यांनी आणलं असं सगळे म्हणतात. मग सर सांगायचे की इजिप्तचा एक शेख पॅरिसात पाच वर्षं राहिला आणि घरी येऊन त्यानं काय लिहिलं. जपानी विद्वान बोटीत बसून अमेरिकेला गेले आणि काय काय उचलून आणलं. चिनी पोरं जपानात शिकायला गेली आणि पश्चिमेची पुस्तकं त्यांनी जपानी भाषेतून वाचली. बंगालातल्या एकानं फारशी शिकून, संस्कृत शिकून, मग इंग्रजीत गोऱ्यांनाच चार प्रश्न विचारले. आणि ते गोरे तरी काय आकाशातून पडले होते? त्यांनी अरबांकडून गणित घेतलं, अरबांनी आपल्याकडून अंक घेतले. सर म्हणायचे, प्रत्येकानं दुसऱ्याकडून घेतलं आणि प्रत्येकजण म्हणतो की हे माझ्याच घरचं. खरं कुणाचं म्हणायचं?

अकरा वर्षं बिराप्पानं हे ऐकलं. कप विसळताना, पुस्तकं पुसताना तो त्याचाच विचार करत असायचा. त्याला त्या परक्या माणसांची एक गोष्ट फार जवळची वाटायची. तो शेख, ते जपानी, ती चिनी पोरं, सगळी घर सोडून गेलेली. परत आल्यावर त्यांना घरचे म्हणाले असणार, हा तिकडचा झाला. तिकडचे तर आधीच म्हणत होते, हा इकडचा. बिराप्पा मनात म्हणायचा, पॅरिस काय आणि सांगली काय, जिन्याखालची खोली सगळीकडं सारखीच असणार.

शहात्तरच्या उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी सर नेहमीसारखं म्हणाले, खरं कुणाचं म्हणायचं? आणि बिराप्पा अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"सर, ह्ये मेंढरं बसवल्यावाणी हाय."

सरांनी कप खाली ठेवला. बिराप्पाच्या तोंडातून निघालं होतं, आता माघार नव्हती.

"उन्हाळ्यात रान मोकळं असतंय तवा शेतकरी मेंढक्याला बोलावतो. दोन-चार राती मेंढरं त्या रानात बसत्यात. लेंडी-मूत रानात राहतं, मेंढरं पुढच्या गावाला जात्यात. पीक येतं ते शेतकऱ्याचंच. बी त्याचं, घाम त्याचा. त्यानं माझं म्हणावं, लाज न्हाई त्यात. पर सुगी झाली की खळ्यावरची दाण्याची पहिली पाटी मेंढक्याच्या नावानं बाजूला निघती. त्यो कवा का येईना, पाटी ऱ्हाती. मेंढरं कुणाची हुती, ह्ये शेतकरी इसरत न्हाई. इसरला, तर त्या रानात पुन्यांदा मेंढरं बसत न्हाईत. तुमची ती शाणी माणसं तशीच की. कुणाचं रान, कुणाची मेंढरं. पीक ज्याचं त्याचं. पर पाटी काढली का न्हाई, एवढंच बघायचं."

 सरांनी उठून खिशातली डायरी काढली, उभ्या उभ्या दोन पानं लिहिली आणि म्हणाले, "बिराप्पा, हे मी व्यासपीठावरून सांगणार. तुझं नाव घेऊन सांगणार."

झालं! त्या एका वाक्यावर बिराप्पानं सात महिने काढले. हसण्यासारखं आहे, पण हसू नका. ज्या माणसाचं नाव पगाराच्या वहीखेरीज कुठं येत नाही, त्याला विचारा. भाकरी थापताना त्याच्या कानात लाउडस्पीकरवरून आपलं नाव वाजायचं. सर काय म्हणतील? "आपले बिराप्पा" म्हणतील की नुसतं "बिराप्पा"? लोक मागं वळून बघतील का? बघितलं तर आपण कुठं बघायचं? हे सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं. घंटेकडं बघायचं.

त्या वर्षी आणीबाणी होती. राजकारणावर बोलायची सोय नव्हती, म्हणून कार्यकारिणीनं निरुपद्रवी विषय शोधला आणि डिसेंबरातल्या मालेचा शेवटचा दिवस हंबीरराव सरांना दिला. विषय, "नव्या युगाचे देशोदेशीचे विचारवंत". बिराप्पानं धाकट्या भावाला, धुळाला, पत्र टाकलं. वाडा तासगावला नानासो म्हणून एका शेतकऱ्याच्या रानाशेजारी उतरायचा, त्याच्या पत्त्यावर. फार काही लिहिलं नाही. एवढंच, की अमुक तारखेला संध्याकाळी सहाला ये, मी सांगितलेलं सर सांगणार आहेत. आपल्या माणसांपैकी एकानं तरी ते ऐकावं असं त्याला फार वाटत होतं. नानासोनं उलट टपाली कळवलं, की धुळा मेंढरं सोडून येऊ शकत नाही, लांडग्याचा सुळसुळाट आहे.

म्हणजे दाराशी तो एकटाच उभा राहिला. सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. हॉल गच्च भरला होता.

सर त्या दिवशी बोलले मात्र झकास, हे कबूल करायला हवं. शेख झाला, जपान झालं, चिनी पोरं झाली. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. बिराप्पाला कळलं की आता येणार. "माझ्या लहानपणी," सर म्हणाले, "आमच्या रानात मेंढरं बसायची." मग त्यांनी ते सगळं सांगितलं. लेंडी, रान, पुढच्या गावाला गेलेली मेंढरं. शब्द शुद्ध केले होते, बाकी तेच. आणि शेवटी हात उंचावून म्हणाले, "पीक उभं राहतं ते आपलं! मेंढरं कुणाची होती, हे पीक कधीच विचारत नाही!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढच्या रांगेतले वकीलसाहेब, तेच ते खुर्चीवरून कलंडलेले, "वा! वा!" म्हणाले. बिराप्पा वाट बघत राहिला. पाटी अजून यायची होती. नाव अजून यायचं होतं. पंचावन्न मिनिटं झाली. त्याचा हात घंटेच्या दोरीवर होता आणि तो हलला नाही. छप्पन्न, सत्तावन्न. अध्यक्ष खोकले, मागं वळून बघायला लागले. सरांनी पाण्याचा घोट घेतला, दोन वाक्यांत समारोप केला आणि नमस्कार करून खाली बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घंटेशिवाय व्याख्यान संपलं.

त्याला राग आला म्हणाल तर तेव्हा नाही आला.  त्याला वाटलं, सर विसरले असतील, एवढ्या मोठ्या सभेत माणूस विसरतो. मालेची एक पद्धत होती. व्याख्यान झाल्यावर श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे, बिराप्पानं बिस्किटाच्या डब्यात गोळा करायचे आणि व्यासपीठावर नेऊन द्यायचे. त्यानं रांगारांगांतून डबा फिरवला. परत दाराशी आल्यावर टेबलावरची पुस्तक मागायची एक चिठ्ठी उचलली, तिच्या मागं पेन्सिलीनं लिहिलं, "आणि सुगीची पहिली पाटी?" ती डब्यात टाकून, लंगडत जाऊन डबा सरांपुढं ठेवला. आठवण करून द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

सरांनी एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचून उत्तरं दिली. पाचवी उघडली आणि ते थांबले. अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नसणार, अकरा वर्षं ते त्याच अक्षराच्या चार हजार पुस्तकांत वावरत होते. त्यांनी मान वर केली. भरल्या हॉलच्या डोक्यांवरून दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सगळा प्रश्न त्या बघण्यातच होता आणि उत्तर द्यायला सरांना एक वाक्य पुरलं असतं.

सरांनी चिठ्ठीची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली आणि लाउडस्पीकरवर म्हणाले, "वेळ झाली वाटतं. बिराप्पा, घंटा दे."

नाव घेतलं होतं. सबंध हॉलनं मागं वळूनही बघितलं. बिराप्पानं ठरवल्याप्रमाणं घंटेकडं बघितलं आणि ती वाजवली.

नंतर जे व्हायचं ते सगळं झालं. हार, आभार, फोटो. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका दैनिकात मेंढरांचं ते वाक्य चौकटीत छापून आलं, खाली सरांचं नाव. बिराप्पानंच तो अंक वाचनालयाच्या काठीला अडकवला. घंटा उशिरा दिल्याबद्दल अध्यक्षांनी त्याला बोल लावला, तो त्यानं ऐकून घेतला. आता मात्र त्याला राग यायला लागला होता, आणि तो नावासाठीही नव्हता. निम्मंच सांगितलं, याचा होता. पाटी काढून टाकली की उरतं काय? मेंढरं फुकट बसवून घेणारा शेतकरी. सर काय शहरात जन्मले होते? कऱ्हाडच्या रानात त्यांच्या आजानं पाटी काढलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली असणार. ठाऊक असून त्यांनी गाळली, कारण ती सांगितली असती तर ओघानं मेंढक्याचं नाव सांगावं लागलं असतं.

पुढच्या गुरुवारी सर आले नाहीत. बिराप्पानं दोन कपांचं पाणी ठेवलं होतं. दोन्ही कप त्यानंच संपवले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. राग होता, तरी तीन वाजले की कान सरांच्या स्कूटरच्या आवाजाकडं जायचा, आणि याची त्याला स्वतःचीच चीड यायची. वाचनालयात गुरुवारी इतकं सामसूम असतं हे त्याला अकरा वर्षांनी पुन्हा कळलं.

माघ सरला, शाळूच्या ज्वारीची सुगी झाली आणि एक दिवस सकाळी धुळाच दारात उभा. खांद्यावर शाळूचं गठुळं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची तीनशे मेंढरं गेली होती, जेमतेम चाळीस उरली होती. एवढीशी मेंढरं नानासोच्या रानात एक रात्र बसली होती, तीही गेल्या उन्हाळ्यात. त्याचं खत ते काय होणार! तरी नानासोनं खळ्यावरची पहिली पाटी धुळाच्या नावानं काढून, वर कापड झाकून ठेवली होती. धुळा म्हणाला, निम्मी तुझी, बाच्या माघारी वाटा तुझाबी हाय. चहा घेऊन तो बाराच्या गाडीनं गेला. व्याख्यानाचं त्यानं विचारलं नाही, बिराप्पानं सांगितलं नाही.

ते गठुळं दिवसभर स्टोव्हजवळ पडून होतं. बिराप्पा येता-जाता त्याच्याकडं बघत होता. महिनाभर पुरली असती त्याला ती ज्वारी. संध्याकाळी वाचनालय बंद करून त्यानं बांबूची पाटी घेतली, शाळू तिच्यात ओतला, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि विश्रामबागेची बस धरली. बसमधून उतरल्यावर सरांचं घर बरंच आत होतं. लंगड्या पायानं, पाटी कमरेवर घेऊन जाताना तो तीन वेळा थांबला.

दार सरांनीच उघडलं. त्याला बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यानं पाटी उंबऱ्यावर ठेवली आणि फडकं सोडलं.

"हे काय?" सर म्हणाले.

"शाळू हाय. पहिली पाटी."

सरांना वाटलं, हा टोमणा मारायला आला. ते भराभरा बोलायला लागले, की ओघात राहून गेलं रे, पुस्तक निघेल तेव्हा प्रस्तावनेत नक्की घालतो. बिराप्पानं त्यांना बोलू दिलं. वाक्य संपेपर्यंत थांबायची सवयच होती त्याला. मग म्हणाला,

"मागाय न्हाई आलो, सर. द्याय आलोय. अकरा वर्सं दर गुरवारी तुमची मेंढरं माझ्या रानात बसली. माझ्याकडनंच पाटी ऱ्हायली हुती."

सर खाली बसले, तिथंच, उंबऱ्यावर. ज्वारीत हात घातला आणि मूठ भरून धरली. काहीतरी म्हणावं म्हणून म्हणाले, "शाळू चांगला आहे." मग म्हणाले, "आत ये, चहा घे."

"नगं," बिराप्पा म्हणाला. "शेवटची बस हाय."

खरं तर शेवटच्या बसला अजून दीड तास होता. तो स्टॉपवर एकटाच बसून राहिला. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. देणं तेवढं फिटलं होतं.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता त्यानं एका कपाचं पाणी ठेवलं.